संताच्या खाडीतले सिंहमासे

पर्यटकांना पाण्याखाली फिरवणाऱ्या लेफ्तेरिसचा खाडीत सिंहमासे सोडण्यात फायदा काय, ते बिकाने बोटांवर मोजून दाखवलं.

"सिंहमासा दिसायला देखणा, हे एक. पर्यटकांना त्याचा फोटो हवाच असतो, हे दोन. बाकी सगळीकडे कोळी त्याला भाल्यावर घेतात, म्हणून तो लपून बसतो, हे तीन. आणि संत फोकासच्या खाडीत भाला न्यायची कुणाचीच छाती नाही, हे चार! एकदा तिथे सिंहमासे नेऊन सोडले की झालं लेफ्तेरिसकाकाचं बारमाही प्रदर्शन. ना भाडं, ना राखणदार. राखणीला खुद्द संत!"

"पाचवं बोट राहिलं," तिचा धाकटा भाऊ स्तेर्गोस म्हणाला. तो धक्क्याच्या कठड्यावर पाय हलवत तिळाचा गोल पाव खात होता.

"पाचवं तुझ्या पाठीत बसेल. पाव कुणाचा खातोयस?"

"इरोताईचा."

इरो त्यांची मावसबहीण. ती दर उन्हाळ्यात अथेन्सजवळच्या पिरेअसहून आर्मिरी बेटावर यायची. एका दमात खाडीचा तळ गाठून यावं तर तिनेच. पण कालपासून ती गप्प होती. पाव गेला तरी तिने हूं की चूं केलं नाही.

"मी परत सांगते," ती आता म्हणाली. "मागच्या वर्षी खाडीत सिंहमासे शोधावे लागत होते. काल प्रत्येक कपारीत होते. पंख पसरून, आपल्याच घरात बसावेत तसे. आणि पिल्लं नाहीत गं बिका! पोपटमाशाची नाहीत, हेकरूचं तर एकही नाही. कप्तान एकटाच गुहेच्या तोंडाशी उभा होता."

कप्तान म्हणजे खाडीतला सगळ्यात म्हातारा हेकरू मासा. आजोबा पोर होते तेव्हा तो तळहाताएवढा होता म्हणे. आता स्तेर्गोसपेक्षा जड असेल. फोकासच्या खाडीत गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, भाला न्यायचा नाही, हा बेटाचा नियम कुणाच्या पणजोबाने घातला ते पणजोबालाही ठाऊक नसेल. त्यामुळे हेकरू तिथे निवांत वाढायचे. पिल्लं मोठी होऊन बाहेरच्या समुद्रात यायची आणि तिथून कोळ्यांच्या जाळ्यात. खाडी म्हणजे गावाचं बियाणं. बियाणंच संपलं, तर कप्तानामागे कुणी नाही. आणि गावामागेही नाही.

सिंहमासा मुळात इथला नव्हेच. आजोबांच्या तरुणपणी त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. तांबड्या समुद्रातून कालव्यावाटे तो बिनबोलावता आला आणि ठाण मांडून बसला. काटे विषारी, म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नाही. इथल्या पिल्लांना तर हा शत्रू आहे हेच उमगत नाही. तो पंख पसरून हळूहळू जवळ येतो, पिल्लं बघत राहतात, आणि मग बघायला पिल्लं उरत नाहीत.

"पण पुरावा?" इरोने विचारलं.

बिकाने खिशातून आजीची शिवणाची कात्री काढली.

"आजीला कळलं तर तीच पुरावा होईल," स्तेर्गोस म्हणाला.

बेत सोपा होता. सुट्टीत जाळी सोडवायचं काम पोरांचं आणि त्या वेळात कॉफी प्यायचं काम मोठ्यांचं, अशी आर्मिरीतली वाटणी. रात्रभर जाळ्यात अडकलेले बाकीचे मासे सकाळपर्यंत मरायचे. सिंहमासा मात्र हट्टाने जिवंत. तो धक्क्यावरच्या निळ्या टबात टाकायचा, मग ज्याला रश्श्याला हवा तो बादलीत घालून नेणार. बिका म्हणाली, टबात टाकण्याआधी प्रत्येकाच्या शेपटीच्या कडेला कात्रीने छोटा काप द्यायचा. आजोबांच्या होडीतल्या माशाला एक, दुसऱ्या होड्यांतल्याला दोन. कापवाला मासा खाडीत दिसला, की तो कुणीतरी नेऊन सोडलेला.

"आजोबांच्या माशांना कशाला?" स्तेर्गोस भडकला. "आजोबा काय चोर आहेत?"

"हिशेब म्हणजे सगळ्यांचा. घरचे वगळले की त्याला हिशेब नाही, लाड म्हणतात."

जाड हातमोजे, मोठा झारा आणि कात्री घेऊन तिघं पुढचे काही दिवस धक्क्यावर राबली. स्तेर्गोस माशाला झाऱ्यात धरायचा आणि प्रत्येक वेळी "माफ कर रे बाबा" म्हणायचा. कॉफी पिणारी मंडळी लांबून कौतुकाने बघत होती. "यंदा पोरं कामाला लागली!" बेकरीवाल्या फोतिनीमावशीने त्यांना वर आणखी पाव दिला. तिनेही जाताना टबातला एक सिंहमासा बादलीत घालून नेला.

मग इरोने खाडीत बुडी मारली. ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. थंडीने पडले असते तर ती आधी थंडीच्या नावाने ओरडली असती.

"काप आहेत," ती म्हणाली. "दोन कापवाले पुष्कळ. एक कापवालाही आहे."

"म्हणजे आजोबांच्या होडीतलाही!" स्तेर्गोस म्हणाला. "लेफ्तेरिसकाका टबातून चोरतो!"

तिघं तडक लेफ्तेरिसच्या दुकानात गेली. तो पाण्याखाली पोहायचे पोशाख वाळत घालत होता. बिकाने चार बोटं मोजत आरोप एका दमात वाचून दाखवावा तसा बोलून टाकला. तो आधी हसला. मग त्याने उजव्या पायाचं पाऊल वर केलं. घोट्याखाली मोठा पांढरा व्रण होता.

"हे त्याच्या काट्याचं. तीन रात्री मी आईचं नाव घेत होतो. त्यानंतर मी त्या माशाकडे फक्त काचेतून बघतो, पोरी. बादलीत घालून मिरवत नाही."

"मग कोण सोडतं?"

लेफ्तेरिस दोरीवरचा चिमटा उगाच काढून परत लावू लागला.

"काका, तुम्हाला माहीत आहे!" इरो म्हणाली.

"मला एवढंच माहीत आहे की जत्रा जवळ आली की पहाटे खाडीच्या वाटेवर बादल्या दिसतात. कुणाच्या, ते मी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"कारण विचारलं असतं तर कदाचित थांबल्या असत्या." तो पहिल्यांदाच नजर चुकवून बोलला. "बिका, तुझी ती बोटं बरोबर होती. फायदा माझाच होता. फक्त हात माझे नव्हते."

संत फोकासची जत्रा दोन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं खाडीवरच्या छोट्या चर्चच्या भिंतीआड दबून बसली. चर्चमध्ये नवसाच्या चांदीच्या पातळ चकत्या टांगलेल्या असत: कुणाचा पाय, कुणाची होडी, कुणाचे डोळे. त्यातच एक बाळ होतं. ते स्तेर्गोसचं. तो जन्मला तेव्हा त्याचं हृदय नीट चालत नव्हतं, आणि आजीने ते बाळ टांगलं होतं. स्तेर्गोस त्याकडे बघायचं टाळायचा. त्यात त्याचं नाक फार मोठं आलं होतं.

आधी आली फोतिनीमावशी. हातात झाकलेली बादली. तिने इकडेतिकडे पाहिलं, खडकावरून बादली हळूच पाण्यात रिकामी केली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि झपाझप निघून गेली.

"रश्श्याला नेला होता ना हिने?" इरो पुटपुटली.

मग धक्क्यावरचा कॉफीवाला. मग जाळी विणणारा म्हातारा, काठी टेकत. ज्याने त्याने एकट्याने यावं, ओतावं, क्रूस करावा, पळावं. कुणी कुणाला दिसलं नाही. दिसलं ते फक्त भिंतीआडच्या सहा डोळ्यांना.

आणि मग साव्वास आजोबा आले.

स्तेर्गोस उठायलाच लागला होता. बिकाने त्याची मान दाबून त्याला खाली बसवलं. आजोबांनी टोपी काढली. खडकावर गुडघे टेकले. बादलीतला मासा पाण्यात सोडताना त्यांनी त्याला बोट लागू दिलं नाही, पण मायेने सोडावं तसं सोडलं.

"फोकासा, हा स्तेर्गोससाठी," ते म्हणाले. "वर्ष नीट गेलं. पुढचंही जाऊ दे."

ते चढण चढून दिसेनासे झाले. तेव्हा स्तेर्गोस बोलला.

"म्हणजे मी केलं हे."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"माझ्यासाठी दर वर्षी एक. बाकीच्यांचं त्यांच्या त्यांच्यासाठी एक. ताई, तूच म्हणालीस ना, घरचे वगळले की त्याला हिशेब नाही म्हणत?"

बिकाने खिशातली कात्री आणखी खोल ढकलली. 

घरी आल्यावर तिने आजोबांना आडून विचारलं, "आजोबा, जुन्या काळी संताला जिवंत मासा वाहायचे का हो?"

आजोबांनी जाळ्यातून मान वर केली नाही. "वाहत असतील. हेकरू, पोपटमासा, जो जिवंत निघेल तो. पण ज्याचं तो जाणे. नवस बोलून दाखवला की फिटत नाही."

झालं! कोडं सुटलं होतं आणि सुटून आणखी घट्ट बसलं होतं. हल्ली जाळ्यातून जिवंत निघतो कोण? सिंहमासा. आणि बोलून दाखवायचं नाही, म्हणून प्रत्येकाला वाटे, आपला एकच तर मासा. एकाने समुद्राचं काय बिघडतंय? चोर शोधायला निघालेल्या तिघांना अख्खं गाव सापडलं होतं. तेही हात जोडून उभं असलेलं.

"आपण सांगायचं नाही," इरो म्हणाली. "आजोबांचा नवस मोडेल."

"नाही सांगितलं तर कप्तानाचं घर मोडेल," बिका म्हणाली.

दोघी स्तेर्गोसकडे बघू लागल्या. हृदय त्याचं होतं.

"आधी बघू," तो म्हणाला.

त्या दिवशी आजोबांच्या जाळ्यात एक मोठा सिंहमासा आला. जाळं खाडीच्या तोंडाबाहेर टाकलेलं होतं. इरोने काटे छाटले, पोट चिरलं आणि आतलं सगळं पांढऱ्या बशीत काढलं. एक कोळंबी. आणि पिल्लं. काही अर्धवट विरघळलेली, एक मात्र अगदी ताजं, नखाएवढ्या पंखांचं, पाठीवर फिकट ठिपके असलेलं. हेकरूचं.

स्तेर्गोसने बशी जवळ ओढली. मग म्हणाला, "गावाला दाखवायचं. पण माशाच्या पोटातलं नाही. खाडीतलं."

अडचण तिथेच होती. खाडीचा तळ बघायला कोळ्यांची काचेच्या बुडाची बादली लागते. होडीवरून ती पाण्यावर टेकवायची आणि आत डोकं घालायचं, की खालचा अष्टपाद डोळा मिचकावतानाही दिसतो. पण ती बादली पडली मासेमारीचं हत्यार! म्हणून फोकासच्या खाडीत ती चालत नाही. पर्यटक आणि पोरं पोहून बघायची, पण मोठी माणसं तिथे पोहत नाहीत, बघतही नाहीत. लेफ्तेरिस सोडला तर गावातल्या एकाही माणसाने मोठं झाल्यावर त्या खाडीचा तळ पाहिलेला नव्हता. जी गोष्ट गावाने सगळ्यात जास्त जपली, ती गावाला सगळ्यात कमी ठाऊक होती.

बिका दुपारभर गायब होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्याकडे ऑलिव्ह तेलाचा रिकामा डबा, डांबर आणि एक चौकोनी काच होती. काच कुठली ते तिने सांगितलं, तेव्हा इरो इतकी हसली की तिला उचकी लागली.

जत्रेच्या दिवशी प्रार्थना संपली. खाडीवरच्या मांडवात बकऱ्याच्या मटणाची आणि चण्याची पातेली उघडली. सगळं गाव पाव मोडायला बसणार, तेवढ्यात तिघं पाद्रीबाबा अनास्तासिसांपुढे जाऊन उभी राहिली. बिकाने डबा पुढे केला.

"पाद्रीबाबा, यातून एकदा खाडीत बघा."

"अगं पोरी, ही काचेची बादली! इथे?"

"बादली नाही, पाद्रीबाबा. ईस्टरच्या आधी तुम्ही चर्चची खिडकी बदललीत ना? जुनी काच मागे पडून होती. तीच ही काच. मासेमारीचं हत्यार नव्हे हे, चर्चची खिडकी आहे. चर्चच्या खिडकीतून बाहेर बघायला मनाई आहे का?"

मांडवात खसखस पिकली. पाद्रीबाबांनी दाढीवरून हात फिरवला. "वकिली करायची असेल तर अथेन्सला जा!" असं म्हणून त्यांनी डबा घेतला. तो चर्चच्या काचेचा होता, नाकारायचा तरी कसा? काळा झगा सावरत ते सपाट खडकावर पालथे झाले आणि त्यांनी डबा पाण्यावर टेकवला.

हशा आपोआप थांबला, कारण पाद्रीबाबा उठेनात.

"हे सगळे," ते शेवटी म्हणाले, पण डोकं डब्यातच होतं, "हे सगळे कुठून आले?"

"शेपट्या बघा," इरो म्हणाली. "काप दिसतात? आम्ही दिलेत. धक्क्यावर, टबात टाकायच्या आधी. टबातले मासे चालत येत नाहीत."

डबा या हातातून त्या हातात गेला. फोतिनीमावशीने बघितलं आणि ओढणी तोंडाशी धरली. कॉफीवाल्याने बघितलं आणि त्याला एकदम पातेल्याखालच्या जाळाची काळजी वाटू लागली. प्रत्येकाला आपला एक मासा शोधायचा होता आणि दिसत होते ते सगळ्यांचे. "कोणी सोडले?" पाद्रीबाबांनी विचारलं. इतकी माणसं, एरवी एकाच्या वाक्यात चौघं तोंड घालणारी! आता सगळी आपापले बूट निरखत होती. नवस बोलून दाखवला की फिटत नाही.

आजोबांनी डबा घेतलाच नाही. ते पाण्याकडे पाठ करून उभे होते.

"मी सांगतो माझं," स्तेर्गोस म्हणाला.  "एक कापवाला माझा आहे. माझ्यासाठी सोडला होता. आजोबांनी बोलायचं नसतं, पण नवस माझा आहे, मग मी बोललो तर चालेल ना? आणि मागच्या वर्षीचा, त्याच्या मागच्या वर्षीचाही माझाच. आजोबा, काल तुमच्या जाळ्यात आलेल्या सिंहमाशाच्या पोटात पिल्लं होती, हेकरूचंही. मी बघितली. माझं हृदय चालतंय ना? मग आता पुरे. आपण संताला दिलं त्याहून जास्त त्याचं घेतलंय."

कुणीतरी हुंदका दिला. आजोबा हळूहळू वळले. ते खडकावर गुडघे टेकून बसले, अगदी कालच्याच जागी, आणि डब्यात बघू लागले. 

"कप्तान दिसतोय," ते म्हणाले. मग काही वेळाने, "एकटा आहे."

ते उठले तेव्हा पाद्रीबाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "संताची खाडी राखायची, एवढाच नियम आहे. आपण नियम राखला आणि खाडी विसरलो. उद्यापासून ज्याला संताला काही द्यायचं असेल, त्याने खाडीतला एक सिंहमासा बाहेर काढून द्यावा. भाला चालेल. त्याचं पाप लागलंच तर ते माझ्या नावावर."

"पहिला मी," आजोबा म्हणाले.

ज्या माणसाने जन्मात त्या पाण्यावर भाल्याची सावली पडू दिली नव्हती, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेइतक्या पाण्यात उतरला.  पहिला सिंहमासा निघाला, दुसरा निघाला; तिसरा काढताना काटा त्यांच्या तळहातात घुसला. आजोबा ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"गरम पाणी!" लेफ्तेरिस वाटेवरून किटली घेऊन धावत आला. तो आधीच पाणी तापवून बसला होता. "सोसवेल तेवढं गरम! हात बुडवा, साव्वासकाका, काढू नका. विष उतरेल. मला विचारा!"

आजोबांचा हात आठवडाभर भोपळ्यासारखा सुजला होता. स्तेर्गोस त्यांना भरवायला बसे तेव्हा ते म्हणत, "बघ, तुझ्या जन्माच्या वेळी मी तुला असंच चमच्याने पाजलं होतं. फिटलं!"

सुट्टी संपत आली तेव्हा पाद्रीबाबांनी तिघांना चर्चच्या पायरीवर सगळ्या गावापुढे उभं केलं. "डोळे उघडे ठेवणं माझं काम होतं," ते म्हणाले. "ते या तिघांनी केलं. आणि खिडकीही यांनी माझीच वापरली." टाळ्या झाल्या. फोतिनीमावशीने पाव दिले. तेलाचा डबा आता चर्चच्या दारातच खिळ्याला टांगलेला असतो. ज्याला वाटेल त्याने बघावं. आजीची कात्री परत गेली, तिला माशाचा वास येतो, आणि तो कुणामुळे ते आजीला अजून कळलेलं नाही.

राहिला हिशेब. लेफ्तेरिसचं प्रदर्शन बुडालं. तो आता पर्यटकांना सिंहमासे काढायला नेतो, आणि काढून झाल्यावर खाडीत किती थोडं उरलंय ते दाखवायला लाजतो. पाद्रीबाबांनी एक पाप नावावर घेतलं. गावाने आपापला गुपचूप नवस भर मांडवात गमावला. आजोबांनी आपला हात सुजवून घेतला, आणि रात्री झोपण्याआधी स्तेर्गोसच्या छातीला कान लावायची जुनी सवय पुन्हा लागली ती वेगळीच. पण या सगळ्यांनी निदान संताकडे काहीतरी मागितलं होतं आणि बहुतेकांना ते मिळालंही होतं. सगळ्यात जास्त किंमत भरली ती बशीतल्या त्या पिल्लांनी. त्यांनी कुणाकडे काहीच मागितलं नव्हतं.